घंटामावशीचा वाडगा

शाळेत तिला नावानं कुणी ओळखत नसे. एकतीस वर्षं तासांचे टोले तिनंच दिले, म्हणून ती घंटामावशी. टोला डाव्या हातानं, आणि असा की रस्त्यापलीकडच्या न्हाव्यालाही हातातला वस्तरा थांबवावा लागे. जीभही तशीच खणखणीत. तिची स्वतःची शाळा मात्र चौथीतच सुटली होती. डाव्या हातानं लिहिते म्हणून मास्तरांनी बोटांवर पट्टी मारली, ही पाटी आपटून घरी आली आणि परत गेलीच नाही. पुढे शाळेत पाऊल टाकलं ते झाडू घेऊन.

निवृत्तीला एक सत्र उरलं, तेव्हा तिनं मुख्याध्यापिकांकडे हट्ट धरला. "मला आठवीच्या मातीकामाला बसू द्या. इतकी वर्षं पोरांची भांडी भट्टीपर्यंत मी वाहिली. एक तरी माझं जाऊ दे!"

मातीकामाच्या बाई कडक. भट्टी सत्रातून एकदाच पेटायची आणि वाकडंतिकडं भांडं त्या आत घेत नसत. "डावा हात आत, उजवा बाहेर," असं त्यांनी सांगितलं, मावशीनं मुकाट्यानं ऐकलं. एरवी ती कुणाचं ऐकायची नाही, पण वर्गात बसल्यावर माणूस विद्यार्थीच होतो.

मातीकामाच्या दहा तासांपैकी नऊ झाले. पोरांचे पेले उभे राहिले, मावशीचा गोळा काही विजेच्या चाकाच्या मधोमध बसेना. बोटभर भिंत चढली की भांडं डुगडुगायचं आणि आडवं व्हायचं. शेवटी ती वैतागली. "हे चाकच वाकडं आहे!"

"नाचता येईना, अंगण वाकडं!" शेजारची चष्मेवाली पोरगी म्हणाली आणि सगळा वर्ग खिदळला. मावशीही हसली. पण त्या दिवशी सुटीचा टोला इतका मऊ पडला, की निम्म्या वर्गांना तो ऐकूच गेला नाही. आता एकच तास उरला होता.

पोरं गेल्यावर ती नेहमीसारखी चाकं पुसायला बसली. आपल्या चाकावर राग होताच, म्हणून ते जरा जास्तच घासलं. खालच्या अंगाला वाळलेल्या मातीचा एक गठ्ठा होता. तो खरवडताना आतलं बटण खट्कन पलीकडे गेलं. पाणी झटकायला तिनं चाक सुरू केलं, तर ते उलटं फिरू लागलं! तिनं उरलासुरला गोळा वर आपटला आणि सवयीनं डावा हात बाहेरून लावला. गोळा गुमान बसला.

"बाई! ओ बाई!"

बाई धावत आल्या. बघून ओशाळल्या. "डावखुऱ्यांसाठी असतं ते बटण. आजवर वर्गात कुणी डावखुरं नव्हतं... असेलही. मीच कधी विचारलं नाही."

"म्हणजे अंगण वाकडंच होतं की!" मावशी म्हणाली आणि एकटीच मोठ्यानं हसली.

शेवटच्या तासाला तिचा वाडगा चार बोटं उंच उभा राहिला. जाडजूड होता, पण सरळ होता. चष्मेवालीनं आपला पेला सोडून टाळ्या पिटल्या. दुसऱ्या दिवशी जो तो आपल्या भांड्याच्या बुडाशी हजेरीचा नंबर कोरत होता. मावशीनंही डाव्या हातात सुई धरली, सगळ्यांकडे पाठ केली आणि सावकाश काहीतरी कोरलं. या वेळी पट्टी मारायला कुणी नव्हतं.

भट्टी उघडली तो तिच्या नोकरीचा शेवटचा दिवस होता. बाई एकेक भांडं उलटं करून नंबर पुकारत होत्या. ओळीनं एकेचाळीस नंबर झाले. वर्गात मुलं तेवढीच. तरी एक वाडगा उरला होता, मातकट लाल, अंगावर एक चीर नाही. बाईंनी तो उलटा केला आणि हजेरी घेतल्यासारखं पुकारलं.

"बेचाळीस!"

मागच्या बाकावर डावा हात वर गेला.

"हजर, बाई!"

रस्त्यापलीकडच्या न्हाव्यानं म्हणे वस्तरा थांबवला.