शेवटचं बटण कमलचं

सुशीलाताई गेल्याचा फोन त्यांच्या भाच्याने नांदेडहून केला. मी लातूरहून पोचेपर्यंत दुपार झाली. बायकांनी त्यांना आंघोळ घालून नवी साडी नेसवली होती. सगळं नीटनेटकं होतं आणि त्यात ताईंचा स्वतःचा हात कुठंच नव्हता... तेच मला सहन होईना.

आम्ही दोघी लातूरला अंध मुलींच्या निवासी शाळेत होतो. मी ब्रेल शिकवायचे, ताई कपडे घालायला. ‘यात काय शिकवायचं?’ असं कोणी विचारलं की ताईंचं डोकं फिरायचं. जी पोर आपले कपडे आपण घालते, तिला घरचे चारचौघांत नेतात. बाकीच्या आतल्या खोलीत राहतात, असं त्यांचं म्हणणं. झग्याची बटणं पाठीवर असतात, म्हणून त्या शिंप्याकडून ती पुढे लावून घेत. मागची बाजू बोटांना कळावी म्हणून गळ्याला आतून दोऱ्याची गाठ मारत. सुरुवातीला वरची बटणं त्याच लावायच्या आणि खालचं एक सोडायच्या. “शेवटचं तुझं,” म्हणायच्या. ते जमलं की खालची दोन सोडायच्या. जळकोटकडची कमल महाहट्टी. रडून, आदळआपट करून एकदाची तिने सगळी लावली आणि शाळाभर फिरून प्रत्येकीला आपली बटणं चाचपायला लावली. ताई त्या दिवशी नाचायच्या तेवढ्या बाकी होत्या.

लातूर तेव्हा नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. नव्या कचेऱ्यांवर पाट्या चढत होत्या आणि आमच्या विहिरीचा तळ दिसत होता. टँकरची वाट बघून संस्थेने मुलींना पाऊस पडेपर्यंत घरी पाठवलं. पाऊस लांबतच गेला. पुढे शाळा भरली तेव्हा कमल आली नाही. तिचा शाळेतला झगा पिशवीत घालून ताई एसटीने निघाल्या, मीही सोबत गेले. कमल उंबऱ्याशी बसली होती, अंगात पाठीवर बटणांचा झगा. ताईंनी आणलेला झगा तिच्या हातात दिला. तिने कापड चाचपलं, उभी राहिली आणि दोन्ही हात वर करून थांबली... कोणी घालील म्हणून.

“बाई, पहाटं तलावाच्या कामावर जायचं असतंय,” तिची आई म्हणाली. “हिच्या एकेका बटणाला किती येळ उभं राहू? पाणी न्हाई म्हून तुम्हीच धाडली की. राहू द्या आता.”

ताईंनी कमलचे हात हळूच खाली घेतले. झगा घेऊन आम्ही परतलो.

निवृत्तीनंतर ताई भाच्याकडे नांदेडला राहायला गेल्या आणि तिथेच त्यांना अर्धांगाचा झटका आला. एकदा भेटायला गेले तेव्हा मी त्यांच्या ब्लाउजचे हूक लावत होते. एक मुद्दाम सोडला. चांगल्या, डाव्या हाताची बोटं त्यावर चाचपडत राहिली. भाचेसुनेला ऑफिस गाठायचं होतं; तिने हसून तो लावून टाकला. पुढच्या वेळी ताईंनी प्रयत्नच केला नाही. मी जवळ जाताच चांगला हात वर उचलून धरला आणि भिंतीकडे बघत राहिल्या. मी घर सोडलं ते रडतच.

त्यांच्या ट्रंकेत कमलचा तो झगा निघाला, आता माझ्याकडे आहे. वरची सगळी बटणं लावलेली, शेवटचं उघडं. ताईंनी तशीच घडी घातली होती. इस्त्री करताना माझा हात एकदा त्या बटणाशी गेला... मी तो मागे घेतला.