तोंडात पाणी धरून बसलेली धुरपताबाई

देवरीकडच्या एका गावात धुरपताबाईला उभ्या जन्मात एकच आराम ठाऊक होता, तो गुडाखूचा. तंबाखू आणि गुळाचा काळा, चिकट लगदा. शेतातून आली की पाय धुवायची, परसातल्या भिंतीजवळच्या दगडावर बसायची आणि डबीत बोट बुडवून हिरड्यांवर घासत राहायची. डोक्यात हलकी गरगर सुरू झाली की दिवस पुन्हा समोर यायचा. भाताच्या बांधीत कोण काय बोललं, आपण कोणाला उगाच टोचलं, म्हशीनं दूध का चोरलं. तेवढा वेळ घरातलं कोणी तिला हाक मारत नसे. मारलीच तर ती फुगल्या गालानं नुसतं 'हूं' करी. तोंड भरलेल्या बाईला काम सांगून उपयोग नाही, हे त्या घरानं कधीचं मान्य केलं होतं.

पण ती भिंत! चुना दिसेनासा झालेली, तपकिरी ओघळांनी माखलेली, वर माशा आणि खाली कायमची ओल. कोंबड्या तिथंच चोची मारायच्या आणि त्यांचीच अंडी घरात शिजायची. सून चेतना कधी बोलली नाही. तिनं फक्त कपडे वाळवायची दोरी मुकाट्यानं दुसऱ्या कोपऱ्यात नेली. धुरपताबाईला ते समजलं होतं. समजूनही ती थुंकत होती.

दिवाळीनंतर चेतनाची आई जमुनाबाई भेटीला आली. परसात तिचा पाय घसरला म्हणून तिनं भिंतीला हात टेकला. हात चिकटला. तिनं तो नाकाजवळ नेला, चेहरा जरासुद्धा बदलू दिला नाही, गवतावर पुसला, मातीनं घासला, पुन्हा गवतावर पुसला, साबण लावून धुतला. धुरपताबाई दारातून बघत होती. इहीणबाई जेवायला बसल्या आणि त्यांनी चमचा मागितला. त्या घरात भात चमच्यानं आजवर कोणी खाल्ला नव्हता.

धुरपताबाईनं चमचा धुऊन दिला. त्याच संध्याकाळी डबी उकिरड्यात गेली. दुसऱ्या दिवशी तिनं भिंत खरवडली, तेव्हा खपल्यांबरोबर असा वास सुटला की तिला मध्येच उठून ओकावं लागलं. हे सगळं आपल्याच तोंडातून निघालेलं.

गुडाखू सुटली, पण बरोबर संध्याकाळही गेली. दगडावर टेकते न टेकते तोच हाका सुरू. मुलाला, राहुलला, मोटारसायकलची चावी सापडत नव्हती, चेतनाला तांदूळ किती घालायचे ते हवं होतं. नवरा भैयालाल तंबाखू-सुपारीचा खर्रा चघळत, ओठांच्या कोपऱ्यांतून लाल लाळ गाळत यायचा.

"रिकामीच बसून रायली त कोंबड्या कोंड ना," तो म्हणायचा.

स्वतः मात्र बाजेवर पडायचा, आणि त्याचं तोंड भरलेलं म्हणून त्याला कोणी काही सांगत नसे. तिला त्याच्या दातांची किळस यायची, पिचकारीच्या आवाजाची, चहात विरघळून तळाशी बसणाऱ्या राहुलच्या बिस्किटाची, म्हशीच्या फेसाचीसुद्धा. रात्री अंग टाकायची तेव्हा दिवस तसाच न चघळलेला घशात अडकून राहायचा. एकदोनदा ती उकिरड्यापर्यंत जाऊनही आली. डबीवर किडे चढले होते. तरी हात पुढे झाला होता, आणि त्या हाताचीच तिला शिसारी आली.

एका संध्याकाळी तिनं तांब्या घेतला, गार पाण्याचा मोठा घोट तोंडात भरला आणि दगडावर जाऊन बसली. दात ठणकले. गाल फुगले.

"राहुलची माय, चाय मांड वो," आतून भैयालाल.

तिनं गालाकडे बोट केलं.

तो बाहेर आला, बघून तोंड वेंगाडून हसला. "झाली सुरू? मले मालूमच होतं. कुत्र्याचं शेपूट."

शब्द झोंबले. पाणी थुंकून, बघा जी, पाणीच हाये, असं सांगता आलं असतं. पण सांगितलं की उद्यापासून पुन्हा कोंबड्या. तिनं गाल तसेच फुगवून ठेवले. तो चहासाठी चेतनाला हाक मारत आत गेला.

अंधारून आलं तेव्हा तिनं पाणी मिरचीच्या झाडाच्या बुडाशी सोडलं. वाळलेले कपडे काढायला आलेली चेतना थबकली. मातीत तपकिरी काही नव्हतं, वासही नव्हता. ती सासूकडे बघत राहिली. धुरपताबाईनं तांब्या उचलला आणि पुन्हा तोंड भरून घेतलं.

आतून राहुल विचारत होता, माय कुठं हाये, पंपाचं स्टार्टर कोणी बंद केलं.

"त्याइच्या तोंडात हाये," चेतना म्हणाली. "नोको बोलवू."

दोरीवरचे कपडे खांद्यावर टाकून ती आत गेली. धुरपताबाई खरवडलेल्या, अजून पुरती स्वच्छ न झालेल्या भिंतीकडे बघत बसली. दुपारी बांधीत सोबत राबणाऱ्या देवकाबाईला आपण काय बोललो, ते आता कुठं तिला आठवू लागलं होतं.