गाण्याआधीचे चार आकडे

‘बंद लिफ्ट’ हा बँड आठ वर्षं चालला, आणि ती आठही वर्षं तो कुणाला फारसा माहीत नव्हता. आता बंद पडून वीस वर्षं झाल्यावर तो दंतकथा झाला आहे. मधल्या काळात बँडने नेमकं काय केलं, तर काहीच नाही. दंतकथा व्हायला तेवढं पुरतं. एका रेकॉर्ड कंपनीला साक्षात्कार झाला, की या बँडची अप्रकाशित गाणी आणि दुर्मिळ कार्यक्रम रसिकांपुढे आणायलाच हवेत. दुर्मिळ हा शब्द काही खोटा नव्हता. कार्यक्रमांना येणारी माणसंही दुर्मिळच असायची.

हा सगळा खजिना ज्याच्या कपाटात होता, तो माणूस बँडमध्ये नव्हता. त्याला वाजवता येत नव्हतं, गाता तर त्याहून येत नव्हतं, म्हणून त्याला आवाजाची व्यवस्था बघायला बसवलं होतं. दिवसा तो वजनकाटे दुरुस्त करायचा, अजूनही करतो. दुकानदारांचे तराजू, पार्सल ऑफिसातले जाडजूड काटे, दवाखान्यात बाळांचं वजन करायचं वाकडं ताट, असं सगळं त्याच्याकडे येतं. दोन ग्रॅमचा फरक त्याच्या डोळ्यांत खुपतो. संध्याकाळी तो बँड वाजवायचा त्या तळघरात जायचा, मिक्सरला टेपरेकॉर्डर जोडायचा आणि एक अंगठा पॉजच्या बटणावर ठेवून बसायचा. त्यामुळे बँडने त्याचं नाव पॉज ठेवलं. ते इतकं चिकटलं, की बायकोही रागावली की तेच वापरते.

अंगठा बटणावर का, तर कॅसेटची एक बाजू पंचेचाळीस मिनिटांची, गाणी मिळून चाळीसेक मिनिटांची, आणि गायकाला प्रत्येक गाण्याआधी बोलायची हौस. कधी एकटेपणावर, कधी स्वातंत्र्यावर, एकदा तर शांततेवर सलग चार मिनिटं. हौसेला मोल नसतं म्हणतात, टेपला असतं. आणि पॉजच्या धंद्याचा पहिला नियमच हा, की आधी रिकाम्या डब्याचं वजन वजा करायचं, उरेल तो माल. त्याने तोच नियम बँडला लावला. गाण्याचा पहिला सूर वाजला की बटण सोडायचं, शेवटचा विरला की दाबायचं. मधलं बोलणं, खोकणं, वायर सापडत नाही म्हणून होणारी भांडणं, हा सगळा रिकामा डबा.

अशा एकशे अठरा कॅसेट जमल्या. पाठीवर तारीख, जागा, गाण्यांचा क्रम, सगळं बारीक अक्षरात. कपाटाच्या वरच्या फळीवर, जादा रजयांच्या मागे, बुटांच्या खोक्यांमध्ये. वर्षातून एकदा तो प्रत्येक कॅसेट पुढे-मागे फिरवून ठेवायचा, म्हणजे टेप चिकटत नाही. एवढी काळजी त्याने स्वतःच्या गुडघ्यांची घेतली असती, तर आज जिना चढताना कण्हला नसता.

कंपनीकडून एक मुलगी आली. तिने पांढरे हातमोजे घालून त्या कॅसेट रजयांमागून बाहेर काढल्या. चार-सहा ऐकल्या आणि म्हणाली, “सर, इतकं स्वच्छ रेकॉर्डिंग मी पाहिलं नाही. एकही सेकंद फालतू नाही.”

पॉजच्या अंगावर मूठभर मांस चढलं. सर म्हणून त्याला आजवर कुणी हाक मारली नव्हती. वजनकाटेवाल्याला लोक ‘अहो काटेवाले’ म्हणतात. पुढचे आठ दिवस तो घरात असा वावरला, की जणू गाणी त्यानेच लिहिली आणि बाकीचे चौघे त्याच्याकडे वायरी गुंडाळायला होते.

नवव्या दिवशी दुपारी त्याच्या दुकानात ड्रमरची बायको आली. हातात स्वयंपाकघरातला लहान काटा.

“भाऊजी, हा चुकीचं वजन दाखवतोय बहुतेक.”

पॉजने पन्नास ग्रॅमचं वजन ठेवलं. काट्याने पन्नास दाखवलं. पाचशेचं ठेवलं, पाचशे दाखवलं.

“वहिनी, हा ठणठणीत आहे.”

“हो का,” ती म्हणाली आणि स्टुलावर बसली. तिच्या बसण्यावरूनच कळत होतं, की काटा हे निमित्त आहे.

ड्रमर बँड सुटल्यावर फोटोंना चौकटी करायचं दुकान चालवू लागला होता. चौदा वर्षांपूर्वी त्याच्या घशात गाठ निघाली आणि शस्त्रक्रियेत गाठीबरोबर आवाजही गेला. त्यानंतर दोन वर्षांनी ही बाई एका प्रमाणपत्राला चौकट करायला त्याच्या दुकानात गेली. तो वहीवर लिहून बोलायचा. चौकट तयार व्हायला एक दिवस पुरतो, हिची तयार व्हायला तीन आठवडे लागले, आणि शेवटी लग्नच झालं. तोंडातून अवाक्षर न काढता लग्न जमवणारा तो आमच्या माहितीतला एकच पुरुष. बाकीच्यांची बोलण्यामुळे मोडतात.

“मी त्यांचा आवाज कधी ऐकलेलाच नाही,” ती म्हणाली. “बारा वर्षं झाली. मी मनातल्या मनात त्यांना एक आवाज दिलाय, त्यांचं लिहिलेलं त्याच आवाजात वाचते. पण तो मी बनवलेला. खरा कसा होता? तुमच्याकडे असेल ना? ते गाणं सुरू करताना आकडे म्हणायचे म्हणे. तेवढं मिळालं तरी चालेल. त्यांना मात्र सांगू नका. नसलं तर उगाच त्यांना वाटेल.”

“नसेल कसं?” पॉज म्हणाला. “एकशे अठरा कॅसेट आहेत. माझ्याकडे सगळं आहे.”

उचलली जीभ लावली टाळ्याला. ती गेली आणि त्याने दुकानातच पहिली कॅसेट लावली. पहिला सूर खणखणीत. त्याच्याआधी काही नाही. दुसरं गाणं, तसंच. तिसऱ्याआधी कुठे तरी ‘ऽऽर’ असा एक तुकडा सापडला, म्हणजे त्या दिवशी अंगठा जरा लवकर उठला असणार. पॉजने तो ‘ऽऽर’ अकरा वेळा ऐकला. तो ‘चार’चा शेवट असू शकत होता किंवा खुर्ची सरकल्याचा आवाज.

चार दिवस दुकानात काटे साचत गेले आणि पॉज कॅसेटमागून कॅसेट ऐकत गेला. आठ वर्षांत किमान हजार गाणी वाजली असतील. हजार वेळा तो माणूस काड्या आपटत ‘एक, दोन’ म्हणाला होता, आणि हजार वेळा पॉजने ते वजा केलं होतं. गाता गळा गायकाचा, त्याचं बोलणं गेलं तर कुणाला काय. पण ड्रमरकडे त्या आकड्यांपलीकडे म्हणायला काही नव्हतंच. पॉजला पहिल्यांदा स्वतःच्या स्वच्छ कामाची लाज वाटली. खरोखरची लाज, जेवण जाईना अशी.

घरी त्याने बायकोला सांगितलं. ती भाजी निवडत होती.

“एकाही कॅसेटमध्ये नाही?”

“एकाही नाही.”

“मग मी बिघडवलेली कुठे गेली?”

त्याला आठवेना. तिने आठवण करून दिली. लग्न ठरायच्या आधी त्याने तिला पहिल्यांदा फिरायला नेलं ते कुठे, तर बँडच्या कार्यक्रमाला. बसवलं कुठे, तर मिक्सरशेजारी, ड्रमला अगदी लागून. आणि अर्ध्यात फ्यूज उडाला तेव्हा ‘हे जरा धर’ म्हणून टेपरेकॉर्डर तिच्या हवाली करून हा फ्यूज बसवायला पळाला. टेपरेकॉर्डर बॅटरीवर होता, आणि घाईत मिक्सरची वायर निघाल्यामुळे त्याचा स्वतःचा माइक चालू झाला होता. तिला बटण दाबायचं असतं हेच माहीत नव्हतं. टेप फिरत राहिली, अंधारातला सगळा गोंधळ गिळत. परत येऊन त्याने चार लोकांसमोर तिची हजेरी घेतली होती आणि कॅसेटवर लिहिलं होतं: ‘वाया गेली. पुसून वापरणे.’

“ती मी पुसली असणार,” पॉज म्हणाला.

“तुम्ही पुसायला काढली होती. मी पर्समध्ये घातली.” ती उठली, आपल्या खणातून कागदपत्रांची पिशवी काढली आणि रेशनकार्ड, विम्याचे कागद यांच्यामधून ती कॅसेट त्याच्या पुढ्यात ठेवली. “तुम्ही माझ्यावर पहिल्यांदा ओरडलात त्याचा पुरावा आहे. पुढे कधी लागला तर असावा, म्हणून ठेवला.”

काखेत कळसा आणि एकशे अठरा कॅसेटना वळसा.

रविवारी दुपारी दोघं ड्रमरच्या घरी गेली. त्याला काही माहीत नव्हतं, पॉजने जुना टेपरेकॉर्डर टेबलावर ठेवला तेव्हा त्याने भुवया उंचावल्या आणि वहीवर लिहिलं, “आता ऐकवून सूड उगवणार?” पॉजने बटण दाबलं.

आधी गायक. फ्यूज गेल्यामुळे माइक बंद, तरी शांततेवरचं ते चार मिनिटांचं भाषण अंधारात चालूच. मग कुणी तरी स्वच्छतागृह कुठे आहे ते विचारलं. आणि मग, अगदी यंत्राजवळून, एक किरटा, नाकातला, किंचित वैतागलेला आवाज आला.

“अरे, पुरे की आता. दोन माणसं उरलीत, तीसुद्धा दिवे नाहीत म्हणून. दार सापडलं की जातील. पॉज आला का? आला. लागले दिवे. चला. एक, दोन… एक, दोन, तीन, चार.”

गाणं सुरू झालं. ड्रमर गळ्यावरच्या रुमालाला हात लावून बसला होता. त्यानेही तो आवाज चौदा वर्षांनी ऐकला होता, आणि आपला आवाज आपल्या खोलीत आल्यावर त्याला काय म्हणून बसवायचं, हे त्याला सुचत नव्हतं. त्याची बायको टेपरेकॉर्डरकडे बघत होती.

“असा होता होय,” ती म्हणाली. “मी भारदस्त दिला होता. रेडिओवर बातम्या देतात तसा.”

ड्रमरने वही ओढली, लिहिलं आणि तिच्यासमोर सरकवली: “आवडला नसेल तर परत कर.”

तिने ते वाचलं. बारा वर्षांत पहिल्यांदा तिने त्याचं वाक्य त्याच्याच आवाजात वाचलं असणार, कारण ती हसायला लागली आणि हसता हसताच रडायला लागली, आणि मग पॉजची बायकोही. पॉज उठून खिडकीशी गेला. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, तरी त्याने बराच वेळ बघितलं.

ही कॅसेट कंपनीला गेली तेव्हा हातमोजेवाली मुलगी खूश झाली. या गाण्याची हीच सर्वांत जोरकस प्रत, म्हणाली. फक्त आधीची बडबड कापू, स्वच्छ करू. गायकाचाही फोन आला. तो आता मोठमोठ्या कंपन्यांमध्ये ‘ऐकण्याची कला’ या विषयावर सलग तीन तास बोलतो.

“अरे पॉज, माझं शांततेवरचं ठेवा. ते आकडे काढा. रसभंग होतो.”

“उलट करू,” पॉज म्हणाला. “तुझं काढतो. ‘पुरे की आता’पासून पुढे एक अक्षर कापलं, तर एकशे एकोणीसही कॅसेट परत रजयांमागे जातील.”

“पण त्यात गाणं कुठे आहे?”

“मी आठ वर्षं गाणंच ठेवलं,” पॉज म्हणाला. “चूक झाली.”

अल्बम आला. जाणकारांनी त्यावर लांबलचक लिहिलं. एकाने त्या किरट्या बडबडीला ‘कलावंत आणि श्रोता यांच्यातल्या दरीवरचं भाष्य’ म्हटलं. ड्रमरने ते चौकट करून दुकानात लावलं आहे.

त्याची बायको तो अल्बम रोज सकाळी कामावर जायच्या आधी लावते. सगळा नाही. नववं गाणं काढते, ‘पुरे की आता’पासून ऐकते आणि ‘चार’ झालं की पॉज दाबते. मग चप्पल घालते. नववं गाणं त्या रविवारनंतर तिने ऐकलेलं नाही.