पाण्याच्या बाजूनं

"म्होरं पळू नगं, मागं ऱ्हाऊ नगं. बाजूनं चाल." चारीला पाणी सुटलं की आत्या चपला घालता घालता हे बजावायच्या.

आमचं गाव आटपाडीकडचं, कालव्याच्या त्या छोट्या फाट्याच्या, म्हणजे चारीच्या, अगदी शेपटाला. सकाळी वर कालव्याचं दार उघडतं, संध्याकाळी बंद होतं. तेवढ्यात पाणी आमच्या तळ्यात पोचलं तर पोचलं, नाहीतर पुढच्या पाळीपर्यंत टँकरची वाट बघायची. वाटेत ते कुणाच्याही रानात वळतं, म्हणून गावातल्या कुणीतरी त्याच्या सोबतीनं यायचं. ते 'कुणीतरी' म्हणजे आत्या, साऱ्या गावाच्या आत्या. उभा जन्म मेंढरांबरोबर गेलेला. पाणीही त्या मेंढरांसारखंच आणायच्या. रेंगाळलं की जिभेनं टक् टक्.

एका वर्षी मीही निघालो. नवे बूट घातले. बायको म्हणाली, "सोप्यातनं अंगणात जाताना धाप लागते आणि निघालेत पाणी आणायला!"

दुपारपर्यंत दोन्ही टाचांना फोड. तेवढ्यात पाणी बारीक झालं. मागं जाऊन बघतो तर एका द्राक्षबागवाल्यानं चारीची कड फोडलेली. मी मनातल्या मनात कायद्याचं भाषण जुळवू लागलो. आत्यांनी पदर खोचला आणि सरळ त्या भगदाडात बसल्या.

"आवं आत्या, उठा की! लुगडं भिजतंय."

"भिजू दे. तुझी बाग तरी कोरडी ऱ्हाईल."

आणि तिथंच भाकरीचं फडकं सोडलं. "ये, खा. उपाशी भांडू ने."

बिचारा हातात खोरं घेऊन उभा. शेवटी त्यानंच आत्यांच्या भोवतीनं माती ओढली.

पुढं चारी जुन्या छोट्या रेल्वेच्या भरावाला लागून जाते. रूळ कधीच उचलून नेलेत, बाभळी माजल्यात. "पोरगी हुते तवा गार्ड शिट्टी फुकून मेंढरं हाकलायचा," आत्या म्हणाल्या आणि रुळांच्या जागेतनं, बरोबर मधनं, चालू लागल्या. "आता मार म्हणावं शिट्टी!"

"आत्या, जरा बसूया."

"पाणी बसलंय का?"

दिवस बुडता बुडता पाणी तळ्यात उतरलं. "कोंडलं बग," एवढंच बोलून आत्या लंगडत घरी गेल्या. त्यांच्याही टाचा फुटल्या होत्या, हे मला तेव्हा दिसलं.

गेल्या थंडीत आत्या गेल्या. परवा पाणी सुटलं. पारावर सगळे एकमेकांच्या तोंडाकडं बघत बसले. मी बूट काढले, माळ्यावरच्या जुन्या चपला घातल्या.

बागेपाशी तोच बागवाला खोरं घेऊन उभा. मी भगदाडाच्या जागेकडं बघितलं. पण त्या जागी कड दगडांनी बांधलेली होती.

"आत्या बसायच्या ती जागा," तो म्हणाला. "चला, येतो भरावापतुर."

भरावाजवळ पाणी रेंगाळलं. तो माझ्याकडं बघेना, मी त्याच्याकडं. दोन बाप्ये पाण्याशी बोलतात हे कुणी बघितलं तर?

मी आजूबाजूला बघून घेतलं आणि जीभ टाळूला लावली.