भिंतीपासून चार फूट

टीव्हीकाकांच्या दुपारच्या झोपेची कीर्ती त्यांच्या कामापेक्षा मोठी होती. दोन वाजले की दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढायचं, आतल्या बाकावर अंग टाकायचं, छातीवर वर्तमानपत्र पसरायचं. मग साडेचारपर्यंत जगाचा आणि काकांचा काही संबंध नाही. एकदा शेजारच्या गोदामाला आग लागली, बंब घंटा वाजवत आला, अख्खा रस्ता पाण्याने न्हाला. काका साडेचारला उठले आणि डोळे चोळत समोरच्या शिंप्याला विचारतात, “रस्ता कुणी धुतला हो आज?”

पूर्वी टीव्ही दुरुस्त करायचे म्हणून टीव्हीकाका. पुढे कॉम्प्युटरचे ते पाठीला कुबड असलेले जड मॉनिटर आले. काकांनी एक उघडून पाहिला, तर आत टीव्हीचीच चुलत भावंडं! मग काय, तेही काम सुरू झालं. हात चांगला होता आणि तोंड हाताच्या वरताण. बिघाड सापडेपर्यंत चार विनोद ठरलेले. लोक मॉनिटर नेऊन द्यायचे आणि विनोद घेऊन घरी जायचे.

त्यांच्या गिऱ्हाइकांत एक छापखाना होता. खाली छपाईचं यंत्र, मागच्या बाजूला पुस्तकबांधणी आणि वर जिन्यालगतच्या खोलीत कॉम्प्युटरपुढे ताई. ताई तिथे वीस वर्षं. आधी शिशाचे खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, जुळवायच्या. उलटी अक्षरं तुम्हीआम्ही सुलटी वाचतो तशी वाचायच्या. खिळे गेले, कॉम्प्युटर आला, तर महिन्याभरात त्यावरही हात बसवला. छापखान्याचे मालक नव्या गिऱ्हाइकाला मुद्दाम वर नेऊन ताईंची बोटं दाखवायचे, जसं कुणी घरातला गाणारा पोपट दाखवावा.

त्या ताईंनी एक दिवस तक्रार केली की चित्र थरथरतं. अक्षरं पाण्यात पडल्यासारखी हलतात, डोकं दुखतं, चुका राहतात.

काका सकाळी अकराला पिशवी घेऊन हजर. मागची केबल काढून पिना पाहिल्या, सरळ होत्या. दोन्ही स्क्रू आवळले. दुसऱ्या सॉकेटमध्ये लावून बघितलं. कॉम्प्युटरच्या सेटिंगमध्ये जाऊन सेकंदाला साठ वेळा उमटणारं चित्र पंच्याऐंशी वेळा केलं. पडदा देवळातल्या समईसारखा शांत.

“आता नाही हलत,” ताई म्हणाल्या. “दुपारी हलतं. तीनच्या सुमाराला. तीनला या ना एकदा.”

“ताई, तीनला माझा स्वतःचाच पडदा बंद असतो.”

ताई हसल्या. कागदी चिठ्ठीवर ‘यंत्रात दोष नाही’ असं लिहून काका गेले.

आठवड्याने पुन्हा बोलावणं. या वेळी काकांनी मॉनिटर उचलून दुकानातच नेला. हीच तर या धंद्यातली रीत, रोगी आपल्या घरी आणायचा. चार दिवस ठेवला, सकाळ-संध्याकाळ चालू ठेवून पाहिला. एकदाही थरथरला नाही. परत नेऊन ठेवला, तर ताई म्हणतात, “हलतोय.” मग काकांनी स्वतःचा चांगला मॉनिटर तिथे लावला. तोही हलतो म्हणाल्या.

मालकांनाही ताईंनी एकदा दुपारी वर नेलं. मालक चहाचा कप घेऊन अर्धा तास पडद्याकडे टक लावून बसले. काही हललं नाही. पुढे कळलं, नेमकं त्या दिवशी गावात पाणीच आलं नव्हतं; पण तेव्हा पाण्याचा आणि पडद्याचा संबंध कोण लावणार?

तिसऱ्या खेपेला मालकांनी काकांना खाली गाठलं. बांधणीतली पाच-सहा माणसं कान टवकारून उभी. ताई जिन्यात.

“काका, स्पष्ट सांगा. बिघाड आहे तरी कुठे?”

काकांनी चष्मा पुसला. एवढी माणसं समोर, आणि सगळी त्यांच्या तोंडाकडे बघतायत. “मालक, केबल बदलली, मॉनिटर बदलला, तक्रार तीच. बदललं नाही असं एकच यंत्र राहिलंय. पण ते काही मला स्क्रू काढून उघडता येत नाही, डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्या!”

छापखाना हसून हसून कोसळला. जिन्यात ताईही हसल्या. काका त्या खुशीत घरी गेले आणि रात्री बायकोलाही तो विनोद ऐकवला. बायको हसली नाही. “त्या बाईंचे डोळे दुखतात, आणि तुम्हाला टाळ्या हव्यात,” म्हणाली. काकांनी तिकडे कानाडोळा केला.

विनोद मात्र छापखान्यातच राहिला. कागदाची घडी वाकडी गेली तरी कुणीतरी म्हणायचं, “ताईंच्या मॉनिटरवर केली काय?” ताईंनी दोनदा चष्मा बदलला. मग एका पुस्तकात एक अख्खी ओळ दोनदा छापली गेली आणि मालकांनी त्यांना वरून खाली आणलं, बांधणीत, कागद दुमडायला. वरच्या जागेवर नवा मुलगा आला, त्याच्यासाठी नवा चपटा मॉनिटर आला. तो काही हलला नाही. झालं, सगळ्यांची खात्री पटली.

या गोष्टीला नऊ वर्षं झाली. कुबडवाले मॉनिटर अडगळीत गेले आणि त्यांच्यामागोमाग काकांचं काम. दुपारची झोपही गेली. ज्याला सकाळी काही काम नसतं त्याला दुपारी झोप कशी यावी? बाकावर पडून काका छताचे पोपडे मोजत बसायचे.

अशात मालकांचा फोन आला. जुन्या पुस्तकांची जुळणी जुन्या कॉम्प्युटरमध्येच उघडते, म्हणून तो माळ्यावरून काढून त्याच मॉनिटरसकट वर मांडला होता. “चित्र कालपासून जरा थरथरतंय, काका.”

काका लगेच निघाले. पोचले तेव्हा तीन वाजायला पाच मिनिटं होती. छपाईचं यंत्रही त्या दिवशी बंद होतं, कागद संपला होता. काका ताईंच्या खुर्चीत बसले. चित्र स्थिर. बसून राहिले. आणि तीन वाजता समोरची अक्षरं पाण्यात पडल्यासारखी हलायला लागली.

काकांनी केबलला हात लावला नाही. भिंतीला कान लावला. पलीकडे घुर्रर्र चाललं होतं.

जिन्याच्या वळणावर, बरोबर त्या भिंतीमागे, इमारतीच्या टाकीत पाणी चढवणारा पंप होता. इतकी वर्षं त्याचा आवाज खालच्या छपाई यंत्राच्या धडधडीत बुडून जायचा. रखवालदार बटणाशी स्टूल टाकून बसला होता.

“हा रोज तीनलाच लावतोस?”

“पाणीच तीनला येतं, काका. अकरा वर्षं झाली, लावतोय.”

“एक मिनिट बंद कर.”

पंप बंद, अक्षरं स्थिर. पंप चालू, अक्षरं हलायला लागली. मोठ्या मोटरीजवळ जुना पडदा थरथरतो, हे काकांना चांगलं ठाऊक होतं. टीव्हीच्या जमान्यात पंख्यापासून टीव्ही लांब ठेवायला हेच तर घरोघर सांगत फिरायचे. मालक आणि ते, दोघांनी मिळून टेबल सरकवलं. भिंतीपासून चार फूट. पलीकडे पंप चालूच होता आणि पडदा निवांत.

“कमाल आहे तुमची!” मालक म्हणाले.

काका पुन्हा खुर्चीवर बसले. केबल बदलली, मॉनिटर बदलला, बदललं नाही असं एकच यंत्र राहिलं, असं आपण भर छापखान्यात म्हणालो. आणि भिंत? भिंत कुठे बदलली होती?

ताई दोन महिन्यांपूर्वी कामावरून निवृत्त झाल्या होत्या. काका तसेच त्यांच्या घरी गेले. एका खोलीचं स्वच्छ घर, खिडकीशी खाट, कोपऱ्यात रेडिओ. ताईंनी दार उघडलं आणि डोळे बारीक करून पाहिलं.

“काका! या वेळेला जागे?”

काकांनी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. पंप, तीन वाजता, भिंत. विनोदाचं काही सांगताच येईना. ताईंनी ऐकता ऐकता रेडिओ बंद केला. मग विचारलं, “तुम्ही स्वतः पाहिलंत हलताना?”

“डोळ्यांनी पाहिलं.”

“बसा,” म्हणाल्या, आणि स्वतः मात्र उभ्याच राहिल्या.

“ताई, तेव्हा एकदा तीनला आलो असतो तर...”

“मला राग नव्हता हो तुमचा. तुम्ही जाणकार माणूस, तुम्ही म्हणालात तर असेल, असं वाटलं. पहिले काही महिने मी भांडायचे मनाशी, की नाही, हलतच होतं. मग मलाच खरं वाटायला लागलं.” त्यांनी पदराने चष्मा पुसला. “चार वर्षांपूर्वी बाजारातल्या दुसऱ्या छापखान्याने बोलावलं होतं. कॉम्प्युटरवर, वरच्याच कामाला. माझ्याकडे ये म्हणून तिथल्या मालकीणबाई दोनदा घरी आल्या. मीच म्हटलं, नको, माझे डोळे गेलेत.”

  “उद्या चला छापखान्यात,” काका कसंबसं म्हणाले. “सगळ्यांसमोर सांगतो. मालकांनाही बोलायला लावतो.”

“आता काय करू जाऊन?” ताईंनी दोन्ही हात पुढे धरले. बोटं आतल्या बाजूला वळलेली, पेरं जाड झालेली. “नऊ वर्षं कागद दुमडले. आता ही तेवढंच करतात.” मग हात मागे घेत म्हणाल्या, “विनोद चांगला होता पण. मीही हसले होते.”

हे ऐकण्यापेक्षा त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर काकांना बरं वाटलं असतं.

जायला उठले तेव्हा ताईंनी विचारलं, “टेबल किती सरकवलं म्हणालात?”

“चार फूट.”

ताई भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या. टाचेला अंगठा टेकवत, खाली पायांकडे बघत, एकामागे एक पावलं टाकली. पाचव्याला खाटेपाशी पोचल्या. मागे वळून भिंतीकडे पाहिलं.

“एवढंच?”

“एवढंच,” काका म्हणाले.