घोडीला चारलेले उंडे

मुलांनो, हे मी तुमच्या आजोबांना सांगितलं नाही, तुमच्या आईलाही नाही. देवापुढे बसले तरी मन तिथवर जाऊन मागे फिरायचं. तुम्ही दूर आहात — म्हणून कदाचित लिहिता येतंय.

लग्न होऊन तलवाड्याला आले, ती हैदराबादच्या शाळेतलं इंग्रजी आणि आहारावरचं एक जाड पुस्तक घेऊन. निजामाच्या मुलखातल्या त्या गावात इंग्रजी वाचणारी सून मी एकटीच. त्याचा ताठा होता का? होता.

मामंजींची एक तांबडी घोडी होती. दसऱ्याला तिच्यावर बसून ते सीमोल्लंघनाला जात. त्या वर्षी ती मला वाळलेली दिसली. पुस्तकात होतं — धान्यातल्या पिठाची पोटात साखर होते, त्या साखरेवर शरीर चालतं, उरलेलं अंगी लागतं. ते प्रकरण माणसाचं होतं. घोड्याचं शेवटाकडे होतं. तिथवर मी वाचलं होतं का? नाही.

दुपारी घर निजलं की मी जोंधळ्याच्या पिठात गूळ मळून उंडे करी आणि तबेल्यात नेई. घोडी माझी चाहूल ओळखू लागली. दसऱ्याच्या आदल्या दुपारी तर परात भरून नेली.

सकाळी तिला पुढचे पाय टेकवेनात. खूर तापलेले.

"घोडी हाय का बाळंतीण? उठायलाच तयार न्हाई," एक गडी हसला.

मामंजी हसले नाहीत. घोडीची निगा राखणाऱ्या मोतद्दार इब्राहिमचाचांना म्हणाले, "कावून रे, किती दाणा कोंबलास?"

"खुदा कसम मालक, रोजचाच. लेकरावानी सांभाळतो तिला."

"मग काय भुतानं चारलं?" आणि दाराकडे वळून, "सूनबाई, तुम्ही दुपारच्या जाग्या असता. तबेल्यात कोणी दिसलं?"

सासऱ्यांपुढे तोवर मी कधी आवाज काढला नव्हता. दाराआडून म्हणाले — "चाचाच होते. पाटीभर दाणा घेऊन."

गप्प राहता आलं असतं. नाही राहिले.

चाचांना संध्याकाळच्या आत निघायला सांगितलं. दुपारी मी ते शेवटचं प्रकरण काढलं. घोड्याचं पोट गवता-कडब्याचं. पीठ आणि गूळ एकदम गेले की ते आतड्यात आंबतात, आणि दुखणं खुरांत उतरतं. म्हणजे संध्याकाळी मला सगळं ठाऊक होतं. घोडी पुढे जगली, पण कायमची लंगडी.

मामंजी पायीच सीमोल्लंघन करून आले. सालाबादप्रमाणे चाचा आपट्याची पानं घेऊन उभे होते, मागे बायको, डोक्यावर बोचकं. मामंजींनी हात पुढे केला नाही. तेव्हा चाचांनी ती पानं माझ्या दाराच्या उंबऱ्यावर ठेवली.

"वैनीसाब, सोनं घ्या."

मी घेतलं.