अर्ध्या तासाची सपाट जागा

एडवणच्या वाडीत पानवेली चढवण्यात ज्यांचं आयुष्य गेलं, त्या नरहरी चुरींना सत्तरीत सपाट जागेसाठी बोईसरभर वणवण करावी लागेल असं कुणी सांगितलं असतं, तर त्यांनी त्याला वेड्यात काढलं असतं. पण बायकोच्या, सुलूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, मुलानं दोघांना आपल्या फ्लॅटवर आणलं आणि डॉक्टरांनी बजावलं, "रोज अर्धा तास सपाट जागेवर चालायचं. हयगय केलीत तर गुडघा आखडेल."

सपाट जागा! रस्त्याला फुटपाथ नाही, आणि आहे तिथे भजीची गाडी. पहिल्याच दिवशी एका ट्रकनं असा हॉर्न मारला की सुलूबाई दचकून गटाराच्या कठड्यावरच बसल्या. वरून क्लीनर ओरडला, "अम्मा, घर में बैठो ना!" त्या घरीच बसल्या. गुडघा सुजायला लागला.

बिल्डिंगमागे उद्यानासाठी राखलेला भूखंड होता. तसा फलकही होता, आणि फलकाखाली लग्नाच्या मंडपाचे बांबू नि दोन बंद पडलेले टेम्पो. नरहरींनी अर्ज केला. एक नाही, चार. दर सोमवारी कचेरीत हेलपाटा. साहेब कधी मिटिंगला, कधी साइटवर, जागेवर असले तर फोनवर. वाडीतले चिकू टेबलावर ठेवून पाहिले. चिकू तेवढे संपले.

वर्षभरानं साहेब आपणहून हसले. "काका, काम झालं तुमचं! बाग मंजूर झाली नि तयारही आहे. फक्त त्या भूखंडाचा वाद आहे ना, म्हणून ती स्मशानभूमीत केली. तिथे कुणाची हरकत नाही."

"स्मशानात?"

"बघून तर या."

नरहरी तणतणत गेले आणि जास्तच चिडले, कारण बाग खरोखर झकास होती. हिरवळ, बाकं, सोनचाफा आणि कुंपणालगत फिरलेली गुळगुळीत फरशीची वाट. गाडी नाही, गोंगाट नाही. तीन म्हातारे मजेत फेऱ्या मारत होते. हीच वाट त्यांनी वर्षभर डोळ्यांसमोर धरली होती, आणि मेल्यांनी ती नेमकी तिथे केली जिथे त्यांच्याकडच्या बायका पाऊल ठेवत नाहीत. सासरे गेले तेव्हा सुलूबाई दारातूनच माघारी फिरल्या होत्या.

तरी दुसऱ्या दिवशी ते त्यांना रिक्षानं घेऊन आले. "चल, कोन बघतंय? गुडघा महत्त्वाचा हाय."

फाटकाशी सुलूबाई काठी टेकून थांबल्या. बराच वेळ आत बघत राहिल्या.

"वाट चांगली हाय," त्या म्हणाल्या. "पन इथं मी एकदाच येनार. आनि त्या दिवशी मला चालावं लागनार नाय."

नरहरींना रडू येत होतं की राग, त्यांचं त्यांनाच कळेना. त्यांनी रिक्षा परत वळवायला सांगितली.

घरी येऊन त्यांनी पाचवा अर्ज लिहायला घेतला. भूखंड तोच, मागणी तीच. आधीच्या चारही अर्जांत कारण म्हणून त्यांनी 'ज्येष्ठ नागरिकांची सोय' असं लिहिलं होतं. या वेळी पेन दाबून लिहिलं, 'माझी पत्नी अजून जिवंत आहे.'